मोरचूद, विळा आणि तुझं दुसरं रीडिंग

चि. मनूस अनेक आशीर्वाद,

काल रात्री तुझा फोन ठेवल्यावर बराच वेळ पडवीत बसून होतो. तू रडत होतीस आणि मी आपलं नुसतं असू दे गं, होतं असं, एवढंच म्हणत राहिलो. ते काही बरोबर झालं नाही. म्हणून आत्ता सकाळी शिपणं चालू करून इथे सुपारीच्या आगरातच विहिरीच्या कट्ट्यावर बसून फोनवर हे लिहितोय. लांबेल बहुतेक, सावकाश वाच.

आधी मला नीट कळलंय का बघ. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत तुम्हाला मोरचुदाचं, म्हणजे तुमच्या कॉपर सल्फेटचं, पाणी दिलं होतं आणि त्यात तांबं किती ते काढायचं होतं. त्यात पोटॅशियम आयोडाइड घातलं की सगळं तपकिरी होतं, मग ब्युरेटमधून, म्हणजे त्या खुणांच्या नळीतून, हायपो (सोडियम थायोसल्फेट) थेंब थेंब सोडायचं, रंग उतरून फिका पिवळा झाला की मगच स्टार्च घालायचं, मग निळं-काळं होतं आणि तो निळा गेला की थांबायचं. पहिल्यांदा हायपोचं रीडिंग ९.८ मिली आलं. दुसऱ्या वेळी घाईत स्टार्च आधीच पडलं, निळा जाता जाईना आणि तू सोडत गेलीस ते १०.७ वर गेलं. तिसरं १०.३, आणि चौथं घ्यायला वेळच उरला नाही. बाजूची मुलगी म्हणाली अगं सगळे तीनदा ९.८ च लिहितायत, तू पण लिही आणि मोकळी हो. तू नाही लिहिलंस. आलं ते लिहिलंस आणि दुसऱ्या रीडिंगसमोर स्टार्च लवकर पडलं असं पण लिहून ठेवलंस. मग बाहेरून आलेल्या सरांनी व्हायव्हाला सगळ्यांसमोर विचारलं की तीन वर्षं इथे काय केलंत, आणि मार्क कापले.

एवढं सगळं मी ऐकून घेतलं, पण शेवटी तू म्हणालीस ना, बाबा मी पण ९.८ लिहायला हवं होतं, ते मात्र रात्रभर डोक्यातून गेलं नाही.

नाही मनू. आणि हे मी तुला वरवरचं समजावत नाहीये, मला एक गोष्ट सांगायची आहे जी मी तुझ्या आईला पण कधी सांगितली नाही.

तू पाचवीत होतीस त्या वर्षी तुझी सायकल राहिली, आठवतंय? सुपारी गेली म्हणून राहिली. आणि सुपारी का गेली तर कोळे रोगाने, म्हणजे पावसात सुपारी कुजून गळते त्या रोगाने, गेली असं मी घरात सगळ्यांना सांगितलं होतं, आजोबांना पण. ते खरं नव्हतं.

कोळे रोग येऊ नये म्हणून सुपारीवर फवारतो त्या बोर्डो मिश्रणाचं गणित तुला पाठ आहे, एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद गोणपाटात बांधून रात्रभर प्लास्टिकच्या पिंपात टांगून ठेवायचं, लोखंडी पिंप चालत नाही. चुना वेगळा विरवायचा, गाळायचा, गार होऊ द्यायचा, आणि मग दोन्ही एकत्र धरून तिसऱ्या पिंपात ओतायचं की ते आभाळासारखं निळं होतं. आणि त्यानंतर आजोबांचा विळा. फवारणी सुरू करायच्या आधी आजोबा विळ्याचं पातं घासून चकचकीत करायचे आणि त्या निळ्या पाण्यात बुडवून ठेवायचे, थोड्या वेळाने काढून उन्हात धरायचे. पात्यावर तांबूस साय आली तर चुना कमी पडला, अजून घाला, परत बुडवा, पातं स्वच्छ बाहेर येईपर्यंत पाडेल्याला झाडावर चढायला देत नसत. तू लहान असताना ते काम तुझं होतं. पिंपाच्या काठावर ओणवी होऊन विळा धरून बसायचीस आणि ओरडायचीस, आजोबा अजून लाल आहे!

त्या वर्षी आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, ते घरात झोपून, तू शाळेत. जूनचे पहिले दिवस, पाऊस आज येतो की उद्या असं झालेलं, आणि पाडेली फक्त त्या एका दिवसाचा मिळाला होता. चुना आदल्या वर्षीचा होता. पिशवीचं तोंड उघडं राहून त्याचं नुसतं पीठ झालं होतं. मी विळा बुडवला, काढला. पात्यावर तांबूस होतं. फार नाही, पण होतं. मी बघितलं. अंगठ्याने पुसलं, विळा कुडाला खोचला आणि पाडेल्याला म्हटलं चढ.

आठवडाभरात कोवळ्या सुपारीवर तपकिरी डाग दिसायला लागले, झावळ्यांची टोकं करपली, आणि मग गळ सुरू झाली. सकाळी आगरात आलो की पायाखाली हिरवी सुपारी. आजोबांनी पट्टी काढल्यावर विचारलं, विळा बघितलास ना? मी हो म्हटलं. आणि ते खोटं पण नव्हतं गं, बघितला होता की मी.

नंतर तू अकरावीत गेलीस आणि एकदा सुट्टीला येऊन मला फार उत्साहाने समजावलंस की बाबा विळ्यावर ते तांबंच बसतं, लोखंड पाण्यात उतरतं आणि पाण्यातलं तांबं बाहेर येऊन त्याची जागा घेतं, म्हणजे मोरचूद मोकळं राहिलंय, तेच कोवळ्या फळाला भाजतं. आणि चुना उघडा राहिला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा खडू होतो, मग वजनाला किलो भरला तरी कामाला किलो नसतो. तू आपली बोलत होतीस आणि मी मान हलवत होतो, आणि मला तो पुसलेला विळा दिसत होता.

तर तुझं १०.७ म्हणजे तो तांबूस थर आहे असं मला वाटतं. तू तो पुसला नाहीस. मी पुसला होता.

दापोलीला कृषी विद्यापीठाच्या शिबिरात एकदा हे बोर्डो आलं कुठून ते सांगितलं होतं. फ्रान्समध्ये बोर्डो भागात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर लोक मोरचूद आणि चुना शिंपडायचे, जाणाऱ्या-येणाऱ्याने द्राक्षं तोडू नयेत म्हणून, पानं निळी घाणेरडी दिसली की कोण हात लावणार. तेव्हा तिकडे केवडा नावाच्या बुरशीच्या रोगाने वेली झडत होत्या आणि मिलार्डे नावाच्या प्राध्यापकाला दिसलं की रस्त्याकडेच्या वेलींची पानं तेवढी टिकून आहेत. इतरांशी जुळत नव्हतं तेच तो धरून बसला, आणि १८८५ साली त्याने ते मिश्रण लोकांपुढे मांडलं. त्यावर आज आपलं आगर उभं आहे.

मार्कांचं म्हणशील तर रीडिंग जुळली नाहीत, काम कच्चं झालं, तेवढे मार्क जाणारच, त्याबद्दल मला सरांचा राग नाही. सगळ्यांसमोर बोलले त्याचा आहे. तू स्टार्चचं कारण स्वतः लिहून दिलं होतंस, ज्याला चूक कुठे झाली ते सांगता येतं तो तीन वर्षांत काहीतरी शिकलेलाच असतो, हे त्यांना दिसायला हवं होतं. पण ते सोड. लॅब असिस्टंट मामांना विचारून एखाद्या दुपारी परत तेच करायला मिळतं का बघ, आणि पिवळा कितपत फिका झाला की स्टार्च घालायचं ते डोळ्यात बसेपर्यंत कर. बोर्डोचा निळा मला आता न मोजता कळतो, पण तो किती वर्षांनी. आणि मागे म्हणाली होतीस की घाईत नरसाळं ब्युरेटवरच राहतं आणि त्यातला थेंब रीडिंगमध्ये पडतो, तेवढं सांभाळ.

आजोबांना हे सांगायचं राहूनच गेलं. आईला आज दुपारी जेवताना सांगणार आहे.

दिवाळीला येताना जयगडची शेवटची फेरी चुकवू नकोस, तवसाळला मी गाडी घेऊन उभा असेन. आणि लिटमसचे कागद कुठे विकत मिळाले तर एक पुडी घेऊन ये. निळा कागद लाल झाला तर अजून चुना हवा असं तूच सांगितलं होतंस ना, पुढच्या जूनला विळा आणि कागद दोन्ही लावून बघू. विळा तूच धर.

तुझा,
बाबा