रतनवाडीला जाताना

संपादक महोदय,

पावसाळी भटकंतीचे बेत आखताना अनेक जण अकोले तालुक्यातील रतनवाडीला केवळ रतनगडाचा पायथा समजतात, याचे वाईट वाटते. प्रवरेच्या उगमाजवळच्या या गावात अमृतेश्वराचे कोरीव दगडी मंदिर आणि पुष्करणी आहे. मागच्या श्रावणात तिच्या पायऱ्यांवर चिखलाचे बूट धुणारे तरुण मी पाहिले. गडाच्या लोखंडी शिड्यांवर गर्दी जिवावर बेतू शकते, म्हणून शनिवार-रविवार टाळून, गावातलाच वाटाड्या घेऊन पहाटे निघावे आणि अंधारापूर्वी उतरावे. जेवण गावातच सांगावे. भाकरी-पिठल्याचे चार पैसे त्या घरात राहतात. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे ध्वनिवर्धक तर मुळीच नेऊ नयेत.

– एक गिर्यारोहक, नाशिक