लेबर रूममधल्या सिस्टरांना

सिस्टर,
सा. न. वि. वि.

बाळ आता मान धरायला लागलंय. दुपारची जरा उसंत मिळते, म्हणून लिहायला बसले. पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते प्रत्येक बाळंतिणीच्या वाट्याला यावं असं मला फार वाटतं. माझ्या शरीरात काय चाललंय, ते तुम्ही मला वेळच्या वेळी सांगत होतात.

कळंब्याहून आम्ही पोचलो तेव्हा कळा सोसून अख्खी रात्र गेली होती. तुम्ही तपासलंत आणि म्हणालात, "दोन बोटं उघडलंय." माझा धीरच सुटला. एवढं सोसून एवढंच? तुम्ही कॉटच्या कडेला बसलात. पहिलटकरणीच्या पिशवीचं तोंड आधी पातळ होतं, मग उघडतं, घट्ट कानटोपी डोक्यावर ओढताना तिची कड ताणून पातळ होते तसं, हे तुम्ही हाताची मूठ करून दाखवलंत. "रातच्या कळा वाया गेल्या न्हाईत बघ." पुढे वाचलं, की जागतिक आरोग्य संघटना ५ सेंटीमीटरपासून जोराच्या कळांचा टप्पा धरते आणि पहिलटकरणीला तिथून १० सेंटीमीटरपर्यंत जायला १२ तासही लागू शकतात. त्या पहाटे मला तुमचं ते एक वाक्य पुरलं.

मग तुम्ही आईला आत घेतलंत. बाळंतिणीजवळ सोबतीला कुणी असू द्यावं, हे केंद्राच्या २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही आहे, पण ते मनावर घेणारं माणूस तिथं लागतं. बाई घाबरली की अॅड्रेनलिन वाढतं आणि कळा आणणारं ऑक्सिटोसिन मागं पडतं. आई कंबर चोळत होती, तुम्ही मला पडून राहू न देता चालवत होतात, आणि कळा खरंच जोर धरत गेल्या.

शेवटी शेवटी हातपाय लटलट कापायला लागले, उलटी झाली. आता काही खरं नाही, असं वाटलं. "तोंड पुरतं उघडत आलं की कापरं भरतं, घाबरू नको," तुम्ही म्हणालात. जोर लावायच्या वेळचं मला तुटक आठवतं. प्रत्येक कळ ओसरली की तुम्ही बाळाचे ठोके ऐकायचात आणि आकडा मोठ्यानं सांगायचात. ११० ते १६० मध्ये असले की बरं, हे आधीच सांगून ठेवलेलं असल्यामुळे मी त्या आकड्याची वाट बघायचे. डोकं दिसलं तेव्हा माझा हात धरून तिथं लावलात. ओले, मऊ केस लागले हाताला. त्यानंतर जोर कुठून आला, मला ठाऊक नाही.

बाळ रडलं, आईनं "चांगभलं" म्हटलं, आम्हाला वाटलं झालं सगळं. पण तुमचं काम तेव्हाच खरं सुरू झालं, आणि माझे सगळ्यात जास्त आभार तिथले आहेत. बाळ तसंच ओलं माझ्या छातीवर दिलंत. नाळ लगेच कापली नाहीत, वारेतलं रक्त बाळाकडे जाऊ दिलंत. त्यातून त्याला लोह मिळतं. मांडीत ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलंत. "वार पडल्याबिगर बाळंतपण झालं म्हणू नये," असं म्हणत तुम्ही थांबून राहिलात. वार आली तेव्हा ती ट्रेमध्ये पसरून उलटसुलट करून बघितलीत, एखादा तुकडा आत राहिला नाही ना म्हणून. मग माझ्या पोटावर हात ठेवलात आणि माझाही हात तिथं दाबलात. बेंबीच्या जवळ नारळाएवढा टणक गोळा लागला. वार सुटली तिथल्या रक्तवाहिन्या पिशवीचे आकसलेले स्नायूच आवळून धरतात, म्हणून हा गोळा कडकच राहायला हवा, मऊ लागला तर लगेच हाक मार, असं तुम्ही बजावलंत. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावानं आजही बायका जातात. तुम्ही ड्युटी संपल्यावरसुद्धा परत येऊन पोट चाचपून गेलात, हे मी कशी विसरेन?

बाळ प्यायला लागलं की पोटात कळ यायची, तेव्हा आई काळजीत पडायची. मीच तिला समजावलं, की पाजताना ऑक्सिटोसिन सुटतं आणि पिशवी आवळते.

माझ्या धाकट्या जावेला सातवा लागलाय. तिचं नाव तुमच्याकडेच घातलंय. ती फार भित्री आहे, तिला सगळं सांगा.

तुमची,
कळंब्याची बाळंतीण