पाण्यातल्या कॅलरींचा हिशेब

प्रिय शैला,

फोनवर सांगायला गेले असते तर तू दुसऱ्या वाक्याला "अगं, पण" सुरू केलं असतंस, म्हणून लिहूनच पाठवतेय. इकडे सगळे ठीक. माईंच्या डोळ्याचं झालं, आता नीट दिसतंय. बापूंचा खोकला आहे तसाच.

माझं धावणं बंद झालंय. उजव्या गुडघ्यातली गादी झिजलीय आणि डॉक्टरांनी पाण्यातला व्यायाम सांगितलाय. ज्याला सांगावं तो म्हणतो, बरं झालं, आता जरा आराम कर. वसुधा तर सरळ म्हणाली, "पाण्यात डुंबून कुणी बारीक झालंय का?" ते मनाला फार लागलं. व्यायामाच्या घड्याळातल्या कॅलरींच्या आकड्यांवरून आपण दोघी किती तावातावाने भांडायचो, ते तुलाच माहीत. त्याच घड्याळाने परवा तासाभराच्या ॲक्वा एरोबिक्सनंतर इतका कमी आकडा दाखवला की रात्री झोप लागेना. हे आपण व्यायाम म्हणून करतोय की नुसता वेळ घालवतोय?

मग बसले हिशेबाला. मेटचं गणित तुला पाठच आहे. 1 मेट म्हणजे नुसतं बसून असताना जळतं तेवढं, दर किलो वजनामागे तासाला साधारण 1 कॅलरी. माझं वजन 70 धर. ताशी 8 किलोमीटरने धावणं 8.3 मेट, म्हणजे तासाला सुमारे 580. ॲक्वा एरोबिक्स 5.3, म्हणजे 370. भरभर चालणं 4.3, म्हणजे 300. सावकाश फ्रीस्टाइल पोहणं 5.8, म्हणजे 400च्या आसपास. यातल्या प्रत्येक आकड्यात 70 कॅलरी नुसतं बसून राहिलं तरी जळणाऱ्या आहेत, त्या वजा करायला लोक हमखास विसरतात. तरी ताळा स्पष्ट आहे. धावणं पुढेच आहे, ते मी नाकारत नाही. पण पाण्यातला व्यायाम चालण्याच्या खाली नाही, वर आहे. वसुधाला हे सांगशील? माझं ती ऐकत नाही.

मग घड्याळ कमी का दाखवतं? ते मोजतं नाडी, आणि नाडीवरून कॅलरींचा अंदाज बांधतं. छातीएवढ्या पाण्यात उभं राहिलं की पाण्याचा दाब पायांतलं रक्त वर छातीकडे ढकलतो. हृदय एकेका ठोक्याला जास्त रक्त पुढे लोटतं, त्यामुळे तेवढ्याच मेहनतीला मिनिटाला 10-15 ठोके कमी पडले तरी भागतं. अंगातली उष्णताही पाण्यात चटकन निघून जाते, त्यासाठी हृदयाला वेगळे श्रम पडत नाहीत. मेहनत तीच, ठोके कमी, आणि घड्याळाला वाटतं बाई आराम करतेय. शिवाय मनगटावरच्या सेन्सरचं पाण्यात काही खरं नसतं.

आता तुझा तो "चरबी जळण्याचा टप्पा" आठवला. नाडी कमी ठेवली की चरबी जास्त जळते, या एका वाक्यावरून तू माझ्याशी आठवडाभर अबोला धरला होतास. पाण्यात माझे ठोके मुळात वर जातच नाहीत, म्हणजे तुझ्या मते मी आता अखंड चरबीच जाळत असणार! माझं म्हणणं मात्र तेव्हाचंच आहे. मंद व्यायामात चरबीचा वाटा मोठा असेल, पण एकूण जळतं कमी. बघायची ती एकूण बेरीज.

आणि ती बेरीज पाण्यात आपल्या हातात असते, शब्दशः. फोमचे डंबेल पाण्याखाली दाबून धरले की ते वर उसळी मारतात, आणि खांदे भरून येतात. तळव्याची कड पुढे धरून हात फिरवला तर तो सुरीसारखा पाणी कापत जातो. तोच तळवा समोर केला की पाणी भिंतीसारखं अडवतं. वेग दुप्पट केला तर विरोध चौपट होतो. म्हणून एकाच रांगेतली एक बाई गप्पा मारत चालण्याइतकंही जाळत नाही आणि तिच्या शेजारची धापा टाकत असते. आमच्या शिकवणाऱ्या बाई ओरडतात, "पाणी थोपटू नका, ढकला!" खोल पाण्यात कमरेला तरंगवणारा पट्टा बांधून जीव तोडून पळालं, तर जमिनीवरच्या धावण्याच्या तोडीस तोड जळतं. पुढच्या महिन्यापासून मी तेच सुरू करणार आहे.

छातीपर्यंतच्या पाण्यात गुडघ्यांवर शरीराचा जेमतेम तिसरा हिस्सा भार येतो. धावून आल्यावर गुडघा सुजायचा आणि पुढचे दिवस नुसते बसून जायचे, ते कुठल्या तक्त्यात धरायचं? आता बसून राहावं लागत नाही. दोन गोष्टींना मात्र जपते. हाडांना भार हवाच, म्हणून जमिनीवर वजनं उचलणं सोडलेलं नाही. आणि गार पाण्यातून बाहेर आलं की भूक खवळते. फ्लोरिडा विद्यापीठातल्या 2005च्या एका प्रयोगात गार पाण्यात व्यायाम केलेल्यांनी कोमट पाण्यातल्यांपेक्षा नंतर 44 टक्के जास्त खाल्लं होतं. म्हणून पाणी फार गार असलं तर मी वेळ बदलून घेते.

तरी पहाटेचं ते धावणं मला हवंय, शैला. आकडे कितीही जुळले तरी हवंय. हे तुझ्याशिवाय कुणाला लिहू?

तुझ्या बदलीचं काय झालं? निशीचा निकाल लागला का? आणि तुझी टाच दुखते म्हणालीस, ती दाखवून घे, उगाच दामटू नकोस. सुट्टीत येशील तेव्हा पोहण्याचा पोशाख आण. दोन पट्टे मी मागून ठेवते, आणि खोल पाण्यात कोण आधी दमतं ते बघू.

तुझीच,
मंदा