माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र: यंत्राची किंमत नंतर विचारा, आधी लायसन्स मोजा

माननीय माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात राहतो आणि परदेशी बँका व विमा कंपन्यांच्या मेनफ्रेमवर, म्हणजे एकाच वेळी असंख्य व्यवहार सांभाळणाऱ्या मोठ्या संगणकांवर, किती भार येतो, किती कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) लागतील, याचा हिशेब करतो. पुण्या-मुंबईत हे काम जाणणारी माणसे पुष्कळ आहेत. सरकारी खात्यांचे विखुरलेले सर्व्हर अशा एका मेनफ्रेमवर आणण्याचा प्रस्ताव आपल्या टेबलावर येईल, तेव्हा त्यातला एक रकाना आपण स्वतः वाचावा, एवढ्यासाठी हे पत्र. तो रकाना प्रोसेसरमागे आकारल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअर लायसन्सचा. अनेकदा तो प्रस्तावात नसतोच.

ओरॅकल या कंपनीच्या डेटाबेसच्या एंटरप्राइज आवृत्तीची यादीतली किंमत बरीच वर्षे प्रोसेसरमागे 47,500 डॉलर आहे, आणि वार्षिक सपोर्ट त्याच्या 22 टक्के. मोजणी अशी होते: यंत्रातले कोअर मोजायचे आणि कंपनीच्या तक्त्यातल्या गुणकाने गुणायचे, की लायसन्सची संख्या येते. इंटेल आणि एएमडीच्या कोअरला गुणक 0.5, आयबीएमच्या मेनफ्रेमच्या कोअरला 1. समजा, 20 सर्व्हर आहेत आणि प्रत्येकात 16 कोअर. एकूण 320 कोअर, म्हणजे 160 लायसन्स. यादीतल्या दराने 76 लाख डॉलर, आजच्या भावाने साठ कोटी रुपयांच्या पुढे. वर दरवर्षी सपोर्टचे पावणेसतरा लाख डॉलर. सवलत मिळते, पण ती याच आकड्यावर मिळते.

हे सर्व्हर बहुतेक वेळ रिकामे बसलेले असतात. एसटीची अख्खी गाडी आरक्षित केली की प्रवासी चार असोत की चाळीस, भाडे गाडीचेच लागते, इथेही तसेच. तेच काम मेनफ्रेमवर लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीसाठी राखलेल्या 16 कोअरमध्ये बसले, तर लायसन्स 16 लागतात. या कोअरना आयएफएल म्हणतात, आणि त्यांच्यामुळे त्याच यंत्रावरच्या झेडओएसचे, म्हणजे आयबीएमच्या मेनफ्रेम कार्यप्रणालीचे, शुल्क वाढत नाही. गुणक दुप्पट असूनही खर्च एक दशांशावर येतो. मेनफ्रेम महाग आहे असे म्हणून प्रस्ताव फेटाळणाऱ्या अधिकाऱ्याने हा हिशेब आधी करावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आणि प्रस्ताव घेऊन येणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न: तुलना कशाशी केली? जुने, विस्कळीत सर्व्हर एका बाजूला आणि नवे कोरे मेनफ्रेम दुसऱ्या बाजूला, अशी तुलना मेनफ्रेमच्याच बाजूने झुकणार. तेच काम नव्या इंटेल किंवा एएमडी सर्व्हरवर 48 कोअरमध्ये मावले, तर लायसन्स 24 होतात. मग खरी लढत 160 विरुद्ध 16 अशी नसून 24 विरुद्ध 16 अशी असते, आणि त्या आठ लायसन्सांच्या फरकात मेनफ्रेमची किंमत व एकाच कंपनीवरचे अवलंबित्व बसते का, हे पाहावे लागते. मात्र इंटेलच्या बाजूलाही खड्डा आहे. एका सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रे चालवणाऱ्या व्हीएमवेअर या सॉफ्टवेअरवरच्या डेटाबेससाठी ओरॅकल फक्त वापरातले कोअर मोजत नाही, तो डेटाबेस जिथे जिथे चालू शकेल तिथले सगळे कोअर मोजायला सांगते. शेकडो कोअरच्या सामायिक क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र जोडलेल्या सर्व्हरच्या गटात, एक छोटा डेटाबेस टाकला की बिल त्या सगळ्यांचे. त्यामुळे डेटाबेसचा क्लस्टर छोटा आणि वेगळा ठेवावा लागतो.

दुसरा प्रश्न: भार कोणत्या महिन्यात मोजला? एकत्रीकरणाचा सगळा फायदा एका गृहीतकावर उभा असतो, की एका खात्याची गर्दी असताना दुसरे खाते निवांत असेल. शिष्यवृत्तीचे अर्ज, अकरावीचे प्रवेश, खरीप पीकविमा यांच्या गर्दीच्या वेळा बऱ्याच अंशी वेगळ्या आहेत. त्यांना एका यंत्रावर ठेवणे शहाणपणाचे. पण मार्चअखेर काय होते, ते आपण जाणता. कोषागारात बिलांचा ढीग आणि रेडी रेकनरचे नवे दर 1 एप्रिलला येतील म्हणून दुय्यम निबंधकांकडे दस्तांची रांग, दोन्ही एकाच आठवड्यात. ही दोन कामे एकत्र आणताना ऑगस्टमधली सरासरी दाखवून 16 कोअर सांगणारा सल्लागार मार्चमध्ये 30 मागेल, आणि प्रत्येक वाढीव कोअरमागे लायसन्सही. भार मार्चचा मोजावा, तोही तासातासाचा. माझ्या कामात मी याहून महत्त्वाचे काही शिकलेलो नाही.

तिसरा प्रश्न: आधी घेतलेल्या लायसन्सचे काय? 160 चे 16 केले म्हणून सपोर्टचे बिल आपोआप दहाव्या हिश्शावर येत नाही. काही लायसन्सांचा सपोर्ट सोडला तर उरलेल्यांचा दर नव्याने ठरवण्याचा अधिकार ओरॅकल आपल्या सपोर्ट धोरणात राखून ठेवते, आणि जुनी सवलत तिथे गळून पडू शकते. ही बोलणी यंत्र विकत घेण्याआधी व्हायला हवीत. नंतर सरकारच्या हातात काही उरत नाही. आपत्तीसाठी दुसऱ्या शहरात सतत अद्ययावत ठेवलेल्या प्रतीलाही पूर्ण लायसन्स लागते, तेही याच हिशेबात धरावे.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती गुणकांच्या तक्त्याची. डिसेंबर 2010 मध्ये ओरॅकलने इटॅनियम नावाच्या प्रोसेसरच्या 9300 मालिकेचा गुणक 0.5 वरून 1 केला. यंत्र तेच, डेटाबेस तोच, आणि नव्या लायसन्सचा खर्च दुप्पट. आभासी यंत्रे कशी मोजायची हे सांगणारा ओरॅकलचा दस्तऐवज तर स्वतःबद्दलच म्हणतो की तो केवळ माहितीसाठी आहे, कराराचा भाग नाही. जनतेचे कोट्यवधी रुपये अशा कागदाच्या भरवशावर सोडू नयेत. गुणक, मोजणीची पद्धत आणि नंतर वाढवायच्या कोअरचा दर हे सर्व पाच वर्षांसाठी करारातच लिहून घ्यावे. आयबीएमच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरलाही हेच लागू: तिथे कोअरला गुण दिलेले असतात, मेनफ्रेमच्या कोअरला साधारण 120, नेहमीच्या इंटेल सर्व्हरच्या कोअरला 70, आणि तो तक्ताही कंपनीचाच.

भारत सरकारने 2015 मध्ये मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. पोस्टग्रेस हा मुक्त डेटाबेस मेनफ्रेमच्या लिनक्सवरही चालतो आणि त्याला कोअरमागे लायसन्स नाही. प्रत्येक प्रणाली तिकडे नेता येणार नाही, वर्षानुवर्षांचा कोड एका विशिष्ट डेटाबेसला बांधलेला असतो. पण कोणती प्रणाली हलवता येईल याची तपासणी निविदेआधी झालीच पाहिजे, कारण हलवता येणारी प्रत्येक प्रणाली हा हिशेब हलका करते.

आपल्याकडे मागणे एवढेच आहे. प्रत्येक खात्याकडे कोणते लायसन्स, किती, कोणत्या मोजणीने आणि दरसाल किती सपोर्टचे आहे, याची नोंदवही तयार करून ती विभागाच्या संकेतस्थळावर ठेवावी. एकत्रीकरणाच्या कोणत्याही निविदेत सर्वांत कमी किंमत ठरवताना यंत्र, लायसन्स आणि पाच वर्षांचा सपोर्ट यांची बेरीज धरण्याची अट असावी. ही नोंदवही तपासायला माझ्यासारखी पुण्यातली माणसे विनामोबदला वेळ देतील. आपल्या विभागाने फक्त बोलवावे.

आपला नम्र,
मेनफ्रेमवर काम करणारा एक पुणेकर