ओसरीत बसलेल्या आक्कांना

आक्का,

समोरासमोर आभार मानायला आले, तर तुम्ही ‘बस, चहा ठेवते’ म्हणून विषयच मोडाल. म्हणून हे चारचौघांत लिहिते.

मागच्या वैशाखात अमळनेरला दुपारी कुत्रंही रस्त्यावर दिसत नव्हतं, आणि तुम्ही माझ्या चित्रासाठी सव्वा महिना रोज दोन तास आमच्या ओसरीत हललात नाही. अ‍ॅक्रिलिक तर पॅलेटवरच वाळायचं. तुम्हीच जुन्या लुगड्याचा ओला तुकडा त्याखाली पसरायला सांगितलात. रंगाला आणि भाकरीच्या पिठाला एकच उपाय, म्हणालात.

बाळ गेल्यावर मी वर्षभर कुंचला धरला नव्हता. धरला तेव्हा एका प्रदर्शनवाल्यांनी सुचवलं, ‘बाई काढा, पण पाणवठ्यावरची काढा, दिवाणखान्यात शोभेल अशी.’ इथून दोन-अडीच तासांवर अजिंठा. सोळाव्या लेण्यातली ती मरणासन्न राजकन्या, मान कलंडलेली, बोटं सैल पडलेली. तिला कोणाच्या दिवाणखान्यात शोभायचं होतं? चित्रकार अमृता शेरगिल अजिंठा बघून गेली, त्याआधीच १९३५ मध्ये तिने ‘तीन मुली’ रंगवल्या होत्या. तिघी कोणाकडेच बघत नाहीत, आणि तरी सगळं कळतं.

मला मात्र सगळ्यात जवळची वाटते ती जर्मनीची चित्रकार केथे कोलविट्झ. १९०३ मध्ये तिने मेलेल्या लेकराला कवटाळणारी आई कोरली, ती आरशात स्वतःलाच बघून. मांडीवर तिचा सात वर्षांचा पीटर, जिवंत, धडधाकट. अकरा वर्षांनी तो युद्धात मारला गेला. हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त दाळ निवडायचं ताट मांडीवरून खाली ठेवलंत.

त्या दिवसापासून तुमची मांडी रिकामी होती आणि मला ती रंगवता येईना. पिवळ्या गेरूत सिएनाचा मातकट तपकिरी मिसळून तुमचा गळा झाला, हात झाले, पायाच्या भेगासुद्धा झाल्या. मांडीपाशी आले की मी पाणी प्यायला उठायची. रोज. तुम्ही एकदाही ‘का गं’ विचारलं नाही. दुसऱ्या कुणी बसलं असतं तर विचारलं असतं, आणि मी चित्र फाडलं असतं.

शेवटी चष्मा लावून जवळ आलात. ‘हाई मी नही पोरी, हाई तर तू शे.’ चित्रातली चमकी उजव्या नाकपुडीत होती. तुमची डावीकडे आहे. उजवीकडची माझी.

बसण्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, उलट जाताना ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या दोन भाकरी ठेवून गेलात. त्या दुपारी मी पहिल्यांदा मोकळी रडले. त्या सगळ्या दुपारांसाठी आभार, आक्का.

मांडीचा भाग अजून कोराच आहे. दिवाळीनंतर ऊन उतरलं की पुन्हा बसाल का? चहा या वेळी मी करीन.

तुमची,
शेजारची पोर