पूर्णगड सहलीबाबत सभासदांस सूचना

मंडळाच्या सहलीसाठी नावे नोंदविलेल्या सर्व सभासदांस कळविण्यात येते की, रविवारी पहाटे ५ वाजता निघणारी आपली बस मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि आंबा घाटमार्गे रत्नागिरीकडे जाईल व तेथून दक्षिणेस पावसवरून पूर्णगडला पोहोचेल.

मुचकुंदी नदीच्या मुखाशी, समुद्रात घुसलेल्या टेकडीवर जांभ्या दगडाचा छोटा किल्ला असून, टेकडीच्या उतारावर गाव वसलेले आहे. किल्ला अर्ध्या तासात पाहून होतो. तथापि समुद्राच्या बाजूच्या दरवाजातून खाली फुटणाऱ्या लाटा व खाडीपलीकडील गावखडीचे सुरूचे बन निवांतपणे पाहता यावे, म्हणून तेथे संपूर्ण दुपार राखून ठेवली आहे. तटाला सर्वत्र कठडा नाही, त्यामुळे मुलांचा हात सोडू नये व कडेला उभे राहून छायाचित्रे काढू नयेत.

गाव मच्छीमारांचे आहे. अंगणात वाळत घातलेल्या जाळ्यांवरून चालू नये. शाकाहारी सभासदांनी आगाऊ कळवावे. शेंगाचटणी अवश्य घ्यावी. कडक भाकरी मात्र हवाबंद डब्यात ठेवावी, कारण तेथील दमट हवेत ती तासाभरात सादळते, हा मागील सहलीचा अनुभव आहे.

— सचिव