सातबारा एकत्र आहे

३ जुलै २०२५

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर तू चिडून विचारलंस, "इतकं उघड होतं, तर त्या पोरीवर अत्याचार करणारा सुटला कसा गं?" तुझ्या कुकरच्या शिट्ट्या चालू, आणि माझ्याकडे दारात गॅसवाला उभा. तेव्हा धड सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसलेय. पोरीचं नाव, गाव मात्र लिहीत नाही. तुलासुद्धा नाही.

निवृत्तीनंतर मी सपोर्ट पर्सन म्हणून बालकल्याण समितीकडे नाव दिलं, ते तुला माहीत आहे. पोरीच्या सोबत राहायचं, तारखेला न्यायचं, आत काय होणार ते आधी समजावून सांगायचं, एवढंच काम. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, पहिल्यांदा वाचला तेव्हा वाटलं, कुणीतरी लेकरांत वावरलेल्या माणसानं लिहिलेला दिसतोय. जबाब घेताना पोलिसांनी गणवेशात असायचं नाही. वकिलानं मुलाला थेट प्रश्न विचारायचा नाही, न्यायाधीशांमार्फत विचारायचा. मुलाला आरोपी दिसू द्यायचा नाही. मुलाची साक्ष ३० दिवसांत, खटला शक्यतो वर्षभरात. २०१२ च्या बालदिनापासून हे सगळं लागू आहे.

आमची पोर तक्रार झाली तेव्हा दुसरीत होती. साक्ष झाली तेव्हा पाचवीत. मधे न्यायाधीशांची बदली, वकिलांची आजारपणं, मुद्देमालाचा अहवाल आलेला नाही, असं काही ना काही. सुरुवातीला ती तारखेला नवा फ्रॉक घालून यायची. पुढे पुढे शाळेच्या गणवेशातच यायला लागली. तारीख पडली की अर्धी शाळा तरी मिळते ना.

पण खरं दुखणं जबाबात होतं. कायदा म्हणतो, मूल जसं बोलेल तसंच लिहून घ्या. जबाबात काय होतं सांगू? "माझ्या मनास लज्जा उत्पन्न होईल असे कृत्य केले." दुसरीतली पोर असं बोलेल? मी पस्तीस वर्षं मराठी शिकवलं, मला तोंडी हे वाक्य कधी म्हणता आलं नसतं. ती म्हणाली होती, "काकांनी घाण केलं." जबाब घेणाऱ्या बाईंनी चांगल्या मनानंच, जन्मभराच्या सवयीनं ते सरकारी मराठीत उतरवलं. तीन वर्षांनी उलटतपासणीत नेमका त्यावरच घाव. लज्जा म्हणजे काय? हे शब्द तुला कुणी शिकवले? प्रश्न न्यायाधीशांमार्फतच आले, आवाज कुणी चढवला नाही, सगळं नियमात. ती गप्प. मग, हे नवरात्राच्या आधी झालं की नंतर? तिला तारीख कुठली माहीत? तिच्या लक्षात होतं ते एवढंच, की त्या दिवशी शेळी व्यायली होती.

वैद्यकीय तपासणीचा उपयोग नव्हताच. पोरीनं आईला सांगितलं तेच तीन आठवड्यांनी. मुलं अशीच सांगतात गं, भांडी घासताना, वेणी घालून घेताना, मधेच. आणि बहुतेकदा अंगावर काही खूण नसतेच.

राहिली आई. आरोपी पोरीचा चुलता आहे, हे तुला सांगितलं नव्हतं. ती कोर्टात म्हणाली, मला काही माहीत नाही, रागाच्या भरात फिर्याद दिली. सरकारी वकिलांनी तिला फितूर घोषित करायला लावलं. बाहेर जिन्याखाली मी तिच्यावर भडकले. ती खाली बघून म्हणाली, "मॅडम, सातबारा एकत्र आहे. सासू म्हणते, त्याला फाशी झाली तर तुम्ही दोघी कुठं जाल?" यावर मला बोलता आलं नाही.

तू म्हणतेस तशी फाशी कायद्यात आलीच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं. घरातल्याच माणसानं केलेल्या बलात्कारासारख्या गंभीर गुन्ह्याला आता कमीत कमी वीस वर्षं आहेत. पण आरोपी घरातला असला की ही वीस वर्षं आणि तो फास आधी आईच्या गळ्यात पडतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पाच-सात वर्षांची सजा असती तर कदाचित ती बोलली असती. चुकतही असेन. आरोपीच दोषी असं गृहीत धरायचीही तरतूद आहे, पण आधी घडलेली गोष्ट तरी उभी राहायला हवी ना? इथं तर आईच बसली.

बदलापूरच्या शाळेतलं प्रकरण झालं तेव्हा तू रागानं रात्रभर जागी होतीस. दोन चिमुरड्यांच्या आईबापांना फिर्यादीसाठी कित्येक तास ताटकळत ठेवलं, २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले. महिन्याभरानंतर आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, आणि तू म्हणालीस, बरं झालं. मीही तेव्हा हो म्हटलं होतं. आता नाही म्हणणार. त्याच्यावरचा खटला तिथेच संपला. त्या पोरी खरं बोलत होत्या, हे आता कुठल्या कोर्टानं लिहून द्यायचं?

मंगळवारी दुसऱ्या एका पोराची तारीख आहे, सहा वर्षांचं आहे. या वेळी जबाब घेताना मी शेजारी बसून राहिले आणि "शुशूच्या जागी" असं तो म्हणाला तसंच लिहायला लावलं. बाई जरा नाराज झाल्या.

कोर्टातल्या मुलांच्या खोलीत एक लोखंडी कपाट आणि चाक नसलेली गाडी, एवढंच आहे. सकाळी अकराला बोलावतात, पुकारा चारला होतो. तुझ्या नातवाचे जुने ठोकळे, चित्रांची पुस्तकं असतील तर एसटीच्या पार्सलनं पाठव. चावी द्यायची खेळणी नकोत, आवाज होतो.

भाऊजींना नमस्कार.

तुझी,
मंगल